पेन्शनरांनीं बिऱ्हाड कोठें करावें?

मनुष्य नोकरींत असतो तोंपर्यंत कोठें राहावें हा प्रश्न त्याच्यापुढें फारसा उभा राहत नाहीं. बदलीचा हुकूम येईल त्या गांवीं जावें, मिळेल तें घर भाड्यानें घ्यावें, आणि मुलांच्या शाळेची व कुटुंबाच्या प्रकृतीची त्यांतल्या त्यांत सोय पाहावी, एवढेंच त्याच्या हातीं असतें. प्रश्न उद्भवतो तो अठ्ठावन्नावें वर्ष सरून सहकाऱ्यांनीं शाल व नारळ हातीं दिल्यावर. त्या दिवसापासून सारा मुलूख मोकळा होतो खरा, पण पाय तेवढे मोकळे राहिलेले नसतात. पेन्शन ठरलेली, गुडघे दुखरे, आणि मुलें आपापल्या व्यापांत. मनूनें या वयांत वनाची वाट दाखविली आहे. परंतु सांप्रत वनें वनखात्याच्या ताब्यांत असल्यामुळें आमच्यासारख्यांस गांवच शोधावा लागतो.

आम्हांवर ही पाळी कशी आली हें सांगितल्यावांचून पुढील मजकूर वाचकांस नीट उमजणार नाहीं. आमची बहुतेक सारी नोकरी सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर, महाबळेश्वराच्या आसपास झाली. उन्हाळ्यांत हवा खाण्यास येणाऱ्या मंडळींस तो स्वर्ग वाटतो, व चार दिवसांपुरता तो आहेही. पण तेथें वर्षाकाठीं ५५०० ते ६००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो. त्या दिवसांत सूर्यनारायणाचें दर्शन आठ-आठ पंधरा-पंधरा दिवस घडत नाहीं. धुकें दारांतून घरांत येतें व खिडकींतून निघून जातें. भिंतींस बुरशी, पुस्तकांस बुरशी, पेटींतील ठेवणीच्या शालूसही बुरशी. आमची अमरकोशाची जुनी प्रत अशाच एका श्रावणांत पानास पान चिकटून वायां गेली. पुस्तकाचें दुःख सोसतां येतें. परंतु आमच्या सौभाग्यवतींस दम्याचा विकार आहे, आणि २०२१ च्या जुलै महिन्यांत, ज्या दिवशीं महाबळेश्वरास चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला त्याच्या आगेंमागें, त्यांस मोठी उबळ आली. घाटांत दरडी आलेल्या, गाडी तीन तास एका जागीं उभी, आणि शेजारीं त्यांचा तो शिटीसारखा वाजणारा श्वास. खालीं नेल्यावर नऊ दिवस प्राणवायूवर ठेवावें लागलें. करोनाच्या साथीचे ते दिवस. खाट मिळाली हेंच नशीब. पुढील पावसाळा या डोंगरांत काढावयाचा नाहीं, हा निश्चय त्या गाडींतच झाला होता. डॉक्टरांनींही कोरड्या व उबदार हवेची शिफारस केली. मात्र ती हवा कोणत्या गांवीं मिळते, आणि तिचा भाव काय, हें सांगणें त्यांच्या शास्त्रांत येत नव्हतें.

हवापालट हा उपाय कांहीं नवा नव्हे. आमच्या वडिलांच्या पिढींत क्षयाच्या रोग्यास मिरजेच्या कोरड्या हवेंत नेऊन ठेवीत. पाश्चात्य देशांत तर निवृत्त माणसांची ऊब शोधीत जाणारी रीघच लागलेली असते. अमेरिकेंत ॲरिझोना नांवाच्या वाळवंटी प्रांतांत १९६० सालीं केवळ अशा वयस्क मंडळींसाठीं 'सन सिटी' नांवाची अख्खी वसाहत उठविली गेली. आमची निवड इतकी विस्तृत नव्हती. पुण्यास चिरंजीव आहेत, परंतु त्यांच्या दोन खोल्यांत चार माणसें अगोदरच राहतात, आणि निराळें बिऱ्हाड करावें तर अर्धी पेन्शन भाड्यांतच जावयाची. तींतील कांहीं भाग निवृत्त होतांना आम्हीं विकलेला. तो पंधरा वर्षांनीं पूर्ववत् होईपर्यंत हात आखडताच. कोंकणांत ऊब आहे, पण ती दमट. दम्याच्या रोग्यास तिचा उपयोग नाहीं. नाशिक हें पेन्शनरांचें जुनें आवडतें क्षेत्र खरें, तथापि त्या जिल्ह्याच्या पौषाचा आम्हीं धसका घेतला. शेजारच्या निफाडास पारा कधीं कधीं पांच अंशांच्याही खालीं जातो, व नाशिकचीं भाडींही आतां पुण्याच्या पावलावर पाऊल टाकूं लागलीं आहेत.

शेवटीं आजोळ आठवलें. तें अंबड. आमच्या लहानपणीं अंबड औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निराळा झाला तेव्हांपासून तें जालन्यांत आलें, आणि औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर झालें तें २०२३ सालीं. एकाच गांवचा पत्ता आम्हीं अशा रीतीनें हयातींत दोन तऱ्हांनीं लिहिला. समुद्रसपाटीपासून पांचशें मीटरांच्या जवळपास उंची, पाऊस वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर, म्हणजे घाटमाथ्याच्या आठव्या हिश्श्याइतका, आणि चैत्र-वैशाखांत पारा चाळिसांच्या वर. कागदावर तरी डॉक्टरांची चिठ्ठी तंतोतंत उतरली.

२०२२ च्या डिसेंबरांत दत्तजयंतीच्या सुमारास आम्ही उभयतां पाहणीस गेलों. अंबडास त्या वेळीं दत्तजयंतीनिमित्त गाण्याचा मोठा उत्सव असतो, व चांगचांगले गवई तेथें हजेरी लावून जातात. कोंवळें ऊन, रस्त्याच्या दुतर्फा तूर व हरभरा, मोसंबीच्या बागा, रात्रीं शाल पुरेल इतकीच थंडी. मत्स्योदरी देवीची टेकडी सौभाग्यवती मध्यें दोनदां बसून कां होईना, पण चढून गेल्या. दुसरे दिवशीं जांबेस गेलों. शके १५३० च्या, म्हणजे १६०८ सालच्या, रामनवमीस समर्थांचा जन्म झाला तें हें गांव. तेथील राममंदिरांतील पुरातन मूर्ति त्याच वर्षीं ऑगस्टांत चोरीस जाऊन ऑक्टोबरांत परत मिळाल्या होत्या, तेव्हां ज्याच्या त्याच्या तोंडीं तोच विषय. "समर्थ इथून निघाले आणि साताऱ्याकडे सज्जनगडावर जाऊन राहिले. आपण आपले उलट निघालों!" असें सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांस थट्टा करण्याइतका श्वास पुरूं लागला, यावरून हवा मानवली हें आम्हीं ताडलें.

त्याच भरांत आम्ही एक मोठी चूक करणार होतों. गांवाबाहेर एक जागा दाखविण्यांत आली. मोसंबीचीं दहा-बारा झाडें, चिरेबंदी विहीर, आणि किंमत अशी कीं पुण्यास तेवढ्यांत मोटार ठेवण्याची जागाही मिळूं नये. विहिरींत डोकावून पाहिलें तों पाणी हाताला लागेल इतकें वर. आम्हीं तेथल्या तेथें होकार देऊन इसाराची रक्कमही ठरविली. (आमच्याकडे ज्याला विसार म्हणतात त्याला इकडे इसार म्हणतात.) बांधावर एक म्हातारे शेतकरी तंबाखू मळीत उभे होते. ते म्हणाले, "गुरुजी, जागा चांगली हाय. पर हिरीचं पानी आत्ता बघून काय उपेग? पाऊस सरून दोन महिने नाई झाले. वैशाखात या, हिरीत बघा, मंग इसार द्या. उन्हाला काय, सावलीत बसताल. पानी कुठून आणताल?"

चाणक्याच्या नांवावर चालणारें एक सुभाषित आहे. धनिक, वेदज्ञ, राजा, नदी आणि वैद्य हे पांच ज्या गांवीं नसतील तेथें एक दिवसही वस्ती करूं नये, असा त्याचा आशय. तें आम्हीं बत्तीस वर्षें मुलांकडून पाठ करून घेतलें. त्यांतील चौथ्या पदार्थाकडे आमचें लक्ष त्या बांधावर प्रथम गेलें.

वास्तविक तें आम्हांस सर्वांआधीं आठवावयास हवें होतें. १९७२ च्या दुष्काळांत आम्ही दहा वर्षांचे होतों व उन्हाळ्याच्या सुटींत आजोळींच होतों. परकी तांबड्या मिलोची भाकरी, मुलांस वांटली जाणारी सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडीत बसलेलीं चांगल्या घरचीं माणसें आम्हीं या डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. पण घाटमाथ्यावरच्या पावसानें तीस वर्षांत तें सारें धुवून नेलें होतें. ज्याच्या घरांत पाणी नको म्हणून आंत येतें, त्याला पाण्याची चिंता कशी सुचावी?

जालना जिल्ह्याचें पाणी कसें आहे हें आम्हीं त्यानंतर चार महिने बसून समजून घेतलें, व तें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. कारण जी गोष्ट जालन्याची तीच बहुतेक साऱ्या मराठवाड्याची. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, मध्यें दुधना, उत्तरेस पूर्णा, आणि खुद्द जालना शहरांतून कुंडलिका. नांवें ऐकून मन गार होतें. पण कुंडलिकेचें पात्र वर्षांतील बराच काळ कोरडें असतें. जमिनीखालीं काळा कातळ. तो पाणी शोषून धरीत नाहीं. वरचा मुरमाड थर आणि कातळांतील भेगा यांत जें काय मुरेल तेवढीच विहिरीची पुंजी. म्हणून एका वर्षाचा पाऊस चुकला कीं पुढच्या वैशाखांत विहीर तळ दाखविते, आणि शेजारशेजारच्या दोन विहिरींत एकीस पाणी व दुसरीस खडक असा प्रकार येथें नित्याचा आहे. 'जालना सोन्याचा पालना' अशी जुनी म्हण आहे. ती बाजारपेठेस लागू आहे, विहिरीस नव्हे.

जालना शहरास निजामी अमदानींत बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावाचा आधार होता. २०१२-१३ च्या दुष्काळांत हा जिल्हा राज्यांतील अतिशय होरपळलेल्या जिल्ह्यांपैकीं एक ठरला. मोसंबीच्या बागा जळाल्या आणि शेतकऱ्यांनीं त्या आपल्या हातांनीं तोडून सरपणास घातल्या. त्या सुमारास शहरवासीयांनीं वर्गणी काढून घाणेवाडीचा वर्षानुवर्षांचा गाळ उपसला, ही गोष्ट त्यांस भूषणावह आहे. पुढें जायकवाडीचें पाणीही नळानें शहरांत आलें. तरीही रोज नळ येईल ही पुणेकरी कल्पना घेऊन कोणीं येथें येऊं नये. अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांतून जायकवाडीचा डावा कालवा जातो, आणि त्याच्या आसपासच्या विहिरींस त्याचा पाझर लाभतो. पैठणचें तें धरण १९७६ सालीं पुरें झालें. मात्र तें भरतें नाशिक-नगरकडच्या पावसावर. तिकडे पाऊस नसला, अगर तिकडचीं धरणें भरेपर्यंत खालीं पाणी सुटलें नाहीं, तर कालवाही कोरडाच. वर ज्या ॲरिझोनाचा उल्लेख केला तेथेंही दूरच्या कोलोरॅडो नदीचें पाणी शेंकडों मैलांच्या कालव्यानें आणावें लागतें. ऊब आणि कोरडी हवा हीं जेथें स्वस्त मिळतात तेथें बहुधा पाणीच महाग असतें, हें आमच्या ध्यानीं आलें.

याच संबंधांत आमच्या एका स्नेह्यांची हकीकत, त्यांच्या संमतीनें, सांगतों. कचेरींत मोठ्या हुद्द्यावर होते. पुण्यांतील घर विकून त्यांनीं मराठवाड्यांतीलच एका खेड्यांत टुमदार बंगला बांधला. ग्रॅच्युइटीची सारी रक्कम त्यांत घातली. हवा उत्तम, शांतता उत्तम. बोअर चारशें फूट खोल नेली, ती कोरडी. दुसरी घेतली, तींत पहिल्या वर्षीं पाणी लागलें व दुसऱ्या वर्षीं आटलें. पत्नीचा गुडघा मोडला तेव्हां सत्तर किलोमीटरांत हाडांचा वैद्य नव्हता. आज ते मुलीकडे राहतात. बंगल्यास कुलूप आहे. गिऱ्हाईक येतें, विहीर विचारतें, व निघून जातें. आम्हीं विचारलें, "भाड्यानें राहून का नाहीं पाहिलेंत?" ते म्हणाले, "मास्तर, आयुष्यभर भाड्यानेंच राहिलों होतों हो."

आम्हीं त्यांचें ऐकून नव्हे, तर त्यांची दशा पाहून, २०२३ च्या गुढीपाडव्यापासून अंबडास एक माळवदी घर भाड्यानें घेतलें. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेलें सपाट छप्पर. भिंतीही हात-दीड हात रुंद. बाहेर पारा बेचाळीस असतां आंत मधल्या खोलींत पंखा पुरतो. नव्या सिमेंटच्या घरांत हें सुख नाहीं. तीं रात्रीं बारापर्यंत तापलेलीं राहतात. पेन्शनराला येथें घर घ्यावयाचें तर त्यानें जुनें पाहावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. भाडें पुण्याच्या चौथाई. भाजी, ज्वारी, दूध हीं स्वस्त. मोसंबी तर शेजारी सूप भरून पाठवितात व पैसे विचारले कीं रागावतात.

आणि परीक्षेचें वर्ष तेंच निघालें. २०२३ चा पावसाळा मराठवाड्यांत ओढ देऊन गेला. ऑक्टोबराच्या अखेरीस सरकारनें राज्यांतील चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत अंबड होतें. माघापासून नळ लांबत गेला, फाल्गुनांत विहिरीचा दोर वाढवावा लागला, आणि चैत्र उजाडतां टँकर सुरू झाले. रात्रीं दोन वाजतां 'टँकर आलाऽ' अशी हांक उठली कीं आम्ही बत्तीस वर्षें मुलांस रांगेंत उभें करणारे, घागर घेऊन स्वतः रांगेंत उभे राहत असूं. खासगी टँकराचे पैसे मोजतां भाड्यांतील बचत त्या तीन महिन्यांत निम्म्यावर आली. कूलरची गोष्टही सांगण्यासारखी आहे. हवा कोरडी असल्यामुळें तें यंत्र येथें झकास चालतें; पण त्याला पाणी हवें, आणि जेव्हां त्याची सर्वांत गरज तेव्हांच पाणी नसतें. आम्हीं तें वैशाखांत बंद करून दारास भिजें गोणपाट लाविलें. नंतर तेंही आंघोळीच्या उरल्या पाण्यांत भिजवूं लागलों.

उन्हाविषयीं आमचा गर्वही उतरला. एके दिवशीं भर बाराच्या सुमारास पासबुक भरून आणण्यास बँकेंत गेलों, व दारांतच डोळ्यांपुढें अंधारी येऊन बसलों. तहान मुळींच लागली नव्हती. म्हातारपणीं तहानेची जाणीवच मंद होते, आणि म्हणून ती लागण्याची वाट न पाहतां घड्याळाप्रमाणें पाणी पीत जावें, हें आम्हांस बँकेच्या शिपायानें सांगितलें. मागाहून डॉक्टरांनीं त्यास दुजोरा दिला. तेव्हांपासून बाहेरचीं कामें सकाळीं नवाच्या आंत, दुपारीं पन्हें, आणि ऊन कलल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल नाहीं.

आतां मुख्य गोष्ट, जिच्यासाठीं हा सारा खटाटोप. सौभाग्यवतींस त्या संपूर्ण पावसाळ्यांत एकदांही उबळ आली नाहीं. रात्रीं उठून भिंतीला टेकून बसणें बंद झालें. औषधाचा फवारा पूर्वी दिवसांतून चार वेळां लागे, तो दोनवर आला. मात्र फाल्गुनांत हरभरा व गहूं मळणीयंत्रांतून निघूं लागले, काळ्या मातीची धूळ व भूस गांवभर उडूं लागलें, आणि एका रात्रीं त्यांचा श्वास पुन्हां तसाच वाजूं लागला. घरांत वाफेचें यंत्र होतें, अंबडास सरकारी रुग्णालय आहे, वेळ निभावली. दम्याच्या माणसानें केवळ ओल टाळून भागत नाहीं. धूळही टाळावी लागते. जालना शहरांत पोलाद गाळणाऱ्या कारखान्यांचा धूर आहे म्हणूनच आम्हीं शहर सोडून अंबड धरलें होतें. पण धुळीस तालुका माहीत नसतो. हल्लीं मळणीचे तीन आठवडे त्या पुण्यास नातवंडांत जातात, व आम्ही घर राखतों.

वैद्याच्या बाबतींत सांगावयाचें तर जालना येथून सुमारें पंचवीस किलोमीटर आहे. तेथें २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. आणि मोठें दुखणें निघालेंच तर संभाजीनगरची घाटी. पेन्शन अर्ज करून एका कोषागाराकडून दुसऱ्याकडे बदलून घेतां येते. नोव्हेंबरांतील हयातीचा दाखला इकडेच देतां आला म्हणजे दरसाल घाट चढण्याचें कारण उरत नाहीं. सोबतीचें मात्र पहिलें वर्ष जड गेलें. आजोळ म्हणून आलों खरें, पण मामांच्या वाड्यांत आतां कोणी नाहीं. परसांतला आड तेवढा ओळखीचा. पुढें संध्याकाळीं चार मुलें संस्कृत शिकण्यास येऊं लागलीं, सौभाग्यवतींस आळींतल्या सुना 'काकू, काकू' करीत हळदीकुंकवास नेऊं लागल्या, आणि बिऱ्हाडाचें घर झालें.

बांधावरची ती जागा? ती पुढें एका व्यापाऱ्यानें घेतली. २०२४ च्या वैशाखांत आम्ही मुद्दाम जाऊन पाहून आलों. विहिरीच्या तळाशीं फुटकी बादली आणि वाळलेलीं पानें होतीं. त्याच दिवशीं आमच्या घरमालकांच्या विहिरींत दोर सोडला, तों गुडघाभर कां होईना, पण पाणी लागलें. २०२५ च्या वैशाखांत तें परसभर भरलें, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत असा पाऊस झाला कीं इकडे शेतें वाहून गेलीं व घाटमाथ्याची आठवण व्हावी. घरमालक आतां हें घर विकावयास तयार आहेत. किंमत आम्हांस झेपण्याजोगी आहे. मात्र त्यासाठीं घाटावरचें घर काढावें लागेल, आणि तें काढल्यावर परतीची वाट नाहीं. चिरंजीव म्हणतात, "बाबा, घाई करूं नका." सौभाग्यवती म्हणतात, घाटावरचें घर आजच काढा, त्या भिंतीकडे पाहिलें तरी त्यांस धाप लागते. आम्हीं मधला मार्ग काढला आहे. येत्या अक्षय्य तृतीयेस विहिरींत पुन्हां दोर सोडावयाचा, त्यावरील गांठी मोजावयाच्या, आणि इसाराचें त्याच संध्याकाळीं ठरवावयाचें. गांठी मोजण्याचें काम सौभाग्यवतींनीं स्वतःकडे घेतलें आहे. आमच्या मोजणीवर त्यांचा भरंवसा नाहीं.